वाहन योग्यता तपासणी केंद्र, नाशिक

वाहन योग्यता तपासणी केंद्र : मोटार वाहन रस्त्यावर चालवण्याइतपत सुरक्षित आहे की नाही, हे कायद्यानुसार तपासून दाखला देणारे ठिकाण. सरकारी कागदावर या दाखल्याला ‘योग्यता प्रमाणपत्र’ असे नाव आहे. रिक्षावाले, ट्रकमालक आणि गॅरेजवाले त्याला फिटनेस किंवा सरळ ‘पासिंग’ म्हणतात. नाशिकमध्ये या कामाचा जुना आणि मुख्य पत्ता म्हणजे पंचवटीत पेठ रोडवर असलेले प्रादेशिक परिवहन कार्यालय. हा पत्ता पिकअप किंवा छोटा हत्ती चालवणाऱ्या कुणालाही विचारला तरी मिळतो. माणूस अडतो तो त्यानंतर. आपल्या गाडीला नेमकी कोणती तपासणी लागते, ती यंत्रावर होते की निरीक्षकाच्या हातून, आणि गाडीची नोंद पेठ रोडच्या कार्यालयात आहे की मालेगावच्या, हे आधी कळले नाही तर सकाळ वाया जाते.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार व्यावसायिक वाहनाकडे चालू मुदतीचे योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर त्याची नोंदणीच वैध धरली जात नाही. या तरतुदीची धार पुष्कळ मालकांच्या लक्षात येत नाही. पासिंग संपलेला ट्रक कायद्याच्या नजरेत बिननोंदणीचा ट्रक असतो, आणि दंडही बिननोंदणीच्या वाहनासाठी असलेल्या कलम १९२ खाली होतो : पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत, पुन्हा सापडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा कैद. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी हीच तारीख पाहते.

प्रमाणपत्राची मुदत केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ६२ ठरवतो. नव्या व्यावसायिक वाहनाला पहिली दोन वर्षे मिळतात. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत नूतनीकरण दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. कारखान्यातून पूर्ण तयार होऊन आलेल्या वाहनाला नोंदणीच्या वेळी वेगळी तपासणी लागत नाही. नुसती चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, घेऊन बाहेर बॉडी बांधून घेतली असेल, तर मात्र गाडी दाखवावीच लागते.

खासगी गाड्यांचे गणित निराळे. घरच्या मोटारीची किंवा स्कूटरची नोंदणी १५ वर्षे चालते, तोवर पासिंगचा प्रश्न येत नाही. पंधरा वर्षे भरली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासून घ्यावी लागते आणि पास झाल्यास पुढची पाच वर्षे मिळतात. अर्ज नमुना २५ वर, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. महाराष्ट्रात २०१० पासून अशा जुन्या गाड्यांवर पर्यावरण करही आहे. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, आणि खिडकीपाशी हिरमुसणाऱ्यांत याच कारणाने अडलेले बरेच असतात.

कोणत्या गाडीने कुठे जावे

नाशिक जिल्ह्यात दोन नोंदणी कार्यालये आहेत : पेठ रोडचे प्रादेशिक कार्यालय, ज्याचा क्रमांक एमएच १५, आणि मालेगावचे उपप्रादेशिक कार्यालय, ज्याचा क्रमांक एमएच ४१. नंबरप्लेट पाहून कार्यालय ठरवण्याची सवय इथे दगा देते. मालेगाव परिसरातल्या कितीतरी जुन्या गाड्यांवर अजूनही १५ चाच क्रमांक आहे. शिवाय पत्ता बदलला किंवा ना हरकत दाखल्यावर गाडी दुसऱ्या कार्यालयाकडे गेली, तरी पाटी तीच राहते. गाडीची नोंद सध्या कुणाकडे आहे हे ‘वाहन’ संगणक प्रणालीत दिसते. एमपरिवहन अॅपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणी कार्यालय, फिटनेसची तारीख, विमा आणि पीयूसी या चारही गोष्टी एकाच जागी कळतात. घरातून निघण्याआधी एवढे पाहिले तरी निम्मे काम झाले.

यंत्रावर तपासणी करणाऱ्या स्वयंचलित केंद्रांच्या बाबतीत हद्दीचे बंधन सैल झाले आहे. एका राज्यात नोंदलेल्या वाहनाची चाचणी दुसऱ्या राज्यातील स्वयंचलित केंद्रात करण्याची मुभा २०२२ च्या नियमदुरुस्तीने दिली. मुंबई-आग्रा महामार्गावर लांबच्या खेपा करणाऱ्यांना हे सोयीचे आहे, कारण केवळ पासिंगसाठी रिकामी गाडी शेकडो किलोमीटर परत आणणे परवडत नाही. केंद्रांची यादी वाढत जाते, तेव्हा जवळचे केंद्र परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच पाहावे. चहाच्या टपरीवर मिळणारी माहिती बहुधा मागच्या वर्षाची असते.

पीयूसी आणि पासिंग यांची गल्लत नेहमी होते. पीयूसी म्हणजे फक्त धुराची तपासणी. ती पेट्रोल पंपांवरच्या अधिकृत केंद्रांत काही मिनिटांत होते, आणि नवी गाडी एक वर्षाची झाल्यावर प्रत्येक गाडीला, खासगीलाही, लागते. बीएस ४ व बीएस ६ या धुराच्या नव्या मानकांच्या गाड्यांना हा दाखला वर्षभर चालतो, त्याहून जुन्यांना सहा महिने. सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षा आणि टॅक्सींना आणखी एक दार ठोठवावे लागते : गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांनी होणारी पाण्याच्या दाबाची चाचणी. ही आरटीओत होत नाही, अधिकृत सिलिंडर तपासणी केंद्रात होते, आणि तिचा दाखला नसेल तर पासिंगच्या रांगेत उभे राहून उपयोग नाही.

नाशिकचे स्वयंचलित केंद्र

पासिंगच्या बाबतीत नाशिक राज्यात बरेच पुढे होते. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने तपासणी व प्रमाणन केंद्रांची जी प्रायोगिक योजना आखली, तिच्यातील सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक पंचवटीत आरटीओच्या जागेत उभे राहिले. मुंबई-पुण्यात निरीक्षक गाडीभोवती फेरी मारून शेरा लिहीत होते त्या काळात नाशिकचे ट्रक ब्रेक मोजणाऱ्या रोलरवर चढत होते. कित्येक वर्षे महाराष्ट्रातले हे एकमेव स्वयंचलित केंद्र होते.

निरीक्षकाच्या त्या फेरीची कथा न्यायालयापर्यंत गेली. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात २०१३ मध्ये जनहित याचिका केली. गाडी धड न चालवता, ब्रेक न तपासता प्रमाणपत्रे दिली जातात, असा तिचा रोख होता. न्यायालयाने ब्रेकच्या चाचणीसाठी २५० मीटरचा मार्ग असावा यावर भर दिला आणि ज्या कार्यालयांकडे असा मार्ग नाही त्यांची अडचण झाली. अनेक ठिकाणी जागेचीच वानवा होती. यंत्राला तेवढी लांबी लागत नाही, हा स्वयंचलित केंद्राचा एक दुर्लक्षित फायदा आहे.

केंद्रात गाडी एकेका टप्प्यावरून पुढे जाते. आरंभी चेसिस आणि इंजिनचा क्रमांक कागदाशी ताडला जातो. मग धूर : डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात, पेट्रोल व गॅसच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. समोरच्या दिव्याचा झोत किती प्रखर आहे आणि कुठे पडतो, हे एक सरकते यंत्र दिव्यासमोर आणून पाहतात. गाडी एका लोखंडी पट्टीवरून हळू पुढे नेली की पुढची चाके किती बाजूला ओढतात ते कळते. त्यानंतर एकेका आसाची चाके रोलरवर घेतात. रोलर चाके फिरवतो, चालक ब्रेक दाबतो, आणि प्रत्येक चाकाने किती जोर लावला हा आकडा पडद्यावर उमटतो. डाव्या-उजव्या चाकांच्या आकड्यांत मोठा फरक असेल तर ब्रेक ‘लागतो’ असे मालकाला कितीही वाटले तरी गाडी नापास. जोरात ब्रेक दाबल्यावर अशी गाडी एका अंगाला खेचली जाते, आणि कसाऱ्याच्या उतारावर भरलेल्या ट्रकचे असे होणे म्हणजे काय, ते त्या घाटातून जाणाऱ्यांना सांगायला नको. शेवटी गाडी खड्ड्यावर उभी करून चाकांखालच्या पट्ट्या हलवतात; खाली उभा असलेला तपासनीस किंगपिन, टायरॉड एंड, स्प्रिंगचे पाटे आणि बुश या चाकांजवळच्या भागांतला खेळ, म्हणजे ढिलेपणा, पाहतो.

प्रत्येक टप्प्याचा आकडा थेट संगणकात जातो, हे या पद्धतीचे खरे बळ. निरीक्षकाशी ओळख असण्याला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही. अर्थात डोळ्यांनी करायची तपासणी शिल्लक राहतेच, आणि तिथे माणसाचे मत चालते.

२०१९ च्या कायदादुरुस्तीने पुढे योग्यता तपासणी स्वयंचलित केंद्रांतूनच व्हावी असे ठरवले. या केंद्रांचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आले. सक्तीची तारीख मात्र पुढे पुढे ढकलली गेली : अवजड वाहनांसाठी आधी १ एप्रिल २०२३ जाहीर झाली होती, ती नंतर १ ऑक्टोबर २०२४ झाली. देशभर पुरेशी केंद्रेच नव्हती, हे कारण. याच नियमांत एक शहाणपणाची अट आहे. चाचणी केंद्र चालवणाऱ्याने तिथे दुरुस्तीची किंवा सुट्या भागांच्या विक्रीची सेवा द्यायची नाही. नापास करणारा आणि दुरुस्त करून पैसे घेणारा एकच असला, तर किती गाड्या पहिल्या फेरीत पास होतील याचा अंदाज कुणीही करू शकतो.

गाडी नेण्यापूर्वी

अर्ज, शुल्क आणि वेळेची नोंदणी परिवहन संकेतस्थळावर ऑनलाइन होते. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, कर भरल्याची पावती आणि लागू असेल तिथे वाहतुकीचा परवाना (परमिट) लागतो. गाडीवर ई-चलनाचा दंड थकलेला असल्यास तो आधी मोकळा करून घेतलेला बरा.

नापास होण्याची कारणे बहुतेक वेळा क्षुल्लक असतात. मालकाने हौसेने बसवलेले पांढरेफेक एलईडी दिवे हे त्यांतले एक : उजेड भरपूर, पण झोत समोरच्याच्या डोळ्यांत. पट्टीवर चाके ओढली गेली तर दोष बहुधा अलाइनमेंटचा असतो. टायरच्या नक्षीची खोली मोटारी व ट्रकला किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकी-तीनचाकीला ०.८ मिलिमीटर लागते. घासून गुळगुळीत झालेल्या टायरवर नुसता काळा रंग मारून आणणारे अजूनही भेटतात. मालवाहू गाडीला मागे आणि बाजूला नियमाप्रमाणे रेडियमच्या पट्ट्या, मागचे व बाजूचे संरक्षक गज आणि वेगनियंत्रक हवा. रेडियम प्रमाणित कंपनीचे नसेल तर ते चमकत असूनही चालत नाही. प्रवासी गाड्यांत प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि स्थान दाखवणारे यंत्र पाहिले जाते. उच्च सुरक्षा नंबरप्लेट सर्वांनाच.

जाणता मालक दोन दिवस आधी गॅरेजमध्ये ब्रेकचे लायनर आणि एअर प्रेशर पाहून घेतो, हेडलाइटचा फोकस लावून घेतो आणि चेसिसचा क्रमांक गंजाखाली दिसेनासा झाला असल्यास तेवढा भाग घासून स्वच्छ करतो. गाडी धुऊन नेण्याचाही उपयोग होतो. चिखलाने माखलेल्या बुडाखाली उभे राहणाऱ्याला दोष दिसत नाहीत, आणि दिसत नसेल तर तो पास करीलच असे नाही.

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की शाळांच्या बस आणि व्हॅन एकदम येतात. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी त्यांना पासिंग हवे असते. द्राक्षाचा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर पिंपळगाव-निफाडकडच्या पिकअपवाल्यांना गाडी रिकामी ठेवणे जड जाते. ज्याला तारीख निवडता येते त्याने हे दोन्ही काळ टाळावेत.

शुल्क आणि उशीर

१५ वर्षांवरील वाहनांचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोठ्या प्रमाणात वाढले. अवजड ट्रकच्या प्रमाणपत्राचे शुल्क १२,५०० रुपयांवर गेले. खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाला ५,००० आणि दुचाकीला १,००० रुपये पडू लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपलीकडच्या गाड्यांसाठी नूतनीकरणाचे हे दर आणखी दुप्पट झाले : मोटारीला १०,००० आणि दुचाकीला २,००० रुपये. जुनी वाहने मोडीत निघावीत हा यामागचा उघड हेतू आहे. मात्र शेतावर महिन्यातून चार वेळा निघणाऱ्या जुन्या जीपच्या मालकाला आणि रोज त्र्यंबकेश्वरच्या खेपा करणाऱ्या काळीपिवळीला वयाचा हाच एक निकष लागतो. यंत्रावर गाडीची खरी प्रकृती कळत असताना केवळ वयावरून दर ठरवण्यात विसंगती आहे.

मुदत संपल्यानंतर नूतनीकरणाला दर दिवसामागे ५० रुपये जादा आकारण्याची तरतूद केंद्रीय नियमांत आहे. महाराष्ट्रात २०२४ मध्ये तिची अंमलबजावणी सुरू होताच रिक्षा, टॅक्सी आणि मालवाहतूकदारांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, कारण करोनाकाळापासून उभ्या असलेल्या काही रिक्षांची आकारणी रिक्षाच्या किमतीशी स्पर्धा करू लागली होती. त्या वर्षी जुलैमध्ये राज्य सरकारने या वसुलीला स्थगिती दिली.

नापास झाल्यास

स्वयंचलित केंद्रात नापास झालेल्या वाहनाला दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे दाखवणारा अहवाल मिळतो. दुरुस्ती करून ठरावीक मुदतीत पुन्हा शुल्क भरून फेरचाचणी देता येते. निकाल मान्य नसेल तर अपील करण्याची सोय आहे. फेरचाचणीतही सतत नापास होणारे वाहन आयुष्य संपलेले ठरून भंगारात काढण्याच्या यादीत जाऊ शकते, त्यामुळे अहवाल हातात येताच तो घेऊन गॅरेजवाल्याकडे जावे. ‘ब्रेक बघ’ असे मोघम सांगण्यापेक्षा मागच्या डाव्या चाकाचा आकडा कमी आहे हे कागदावर दाखवले, तर तो नेमके तेच चाक उघडतो.