मुंबईतील मंडप व समारंभ-साहित्य भाडेव्यवसाय : पर्यावरणपूरक पद्धती

लग्न, मुंज, सार्वजनिक उत्सव, प्रदर्शन किंवा सभा यांसाठी मंडप, खुर्च्या, सतरंज्या, भांडी, दिवे व ध्वनियंत्रणा भाड्याने पुरवताना कचरा, इंधन व वीज यांची बचत व्हावी, म्हणून अवलंबिल्या जाणाऱ्या कार्यपद्धतींचा या नोंदीत विचार केला आहे. एकच वस्तू अनेकांनी आळीपाळीने वापरणे हा या धंद्याचा पाया असल्याने तो मुळातच पर्यावरणपूरक समजला जातो. हे अर्धेच खरे आहे. वस्तू परत येते, धुतली जाते, दुरुस्त होते आणि पुन्हा कामावर जाते, तोवरच हा लाभ टिकतो.

या कसोटीवर जुना मंडप चांगला उतरतो. बांबू, वासे, काथ्या, कनाती आणि कापडी झालरी यांचा मंडप खिळे न ठोकता बांधला जात असल्याने तो सोडताना माल फारसा खराब होत नाही, आणि टोकाला चिरलेला बांबू कापून आखूड कामासाठी वापरता येतो. सुती कापडाला सुरक्षिततेचीही बाजू आहे. हरियाणातील डबवली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या समारंभाच्या मंडपाला आग लागून चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तात्पुरत्या मंडपांच्या अग्निसुरक्षेविषयीचे आयएस ८७५८ हे भारतीय मानक कृत्रिम धाग्याचे कापड व दोर टाळण्यास सांगते. रस्त्यात खड्डे खणून बांबू रोवल्यास महानगरपालिका मंडळांकडून दंड वसूल करते; वाळू भरलेल्या पिंपांत खांब उभे केल्यास ही तोडफोड टळते.

खरा कचरा सजावटीतून होतो. थर्माकोलची मखरे व कमानी, फ्लेक्सचे पडदे, फोममध्ये खोचलेली फुले आणि प्रदर्शनात एकदाच अंथरून फेकला जाणारा पातळ गालिचा या वस्तू भाडेव्यवसायाच्या बिलात दिसतात खऱ्या, पण त्या भाड्याच्या नसतातच, विकून टाकल्यासारख्याच असतात. राज्य शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या अनेक वस्तूंसह थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर व सजावटीवर बंदी घातली. त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती सवलत मिळावी, ही थर्माकोल व्यावसायिकांची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केली नाही. केंद्राच्या १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या एकल-वापर प्लास्टिक बंदीतही सजावटीच्या थर्माकोलचा समावेश आहे. त्यामुळे कापड, पुठ्ठा, बांबूच्या चटया आणि सुटे करता येणारे लाकडी मखर यांना पुन्हा मागणी आली. प्रदर्शनांत दर वेळी प्लायवूड कापून, रंगवून दालन उभारण्याऐवजी ॲल्युमिनियमच्या जोडणीचे सांगाडे वापरता येतात. त्यांचे भाग पुढच्या प्रदर्शनात वेगळ्या मापाने जोडता येतात.

विजेच्या बाबतीत बदल सोपा आहे, कारण तो मालकाच्याही फायद्याचा आहे. रंगमंचावरच्या १००० वॅटच्या जुन्या ‘पार’ (PAR) प्रकारच्या झोतदिव्याची जागा साधारण २०० वॅट किंवा त्याहूनही कमी क्षमतेचा एलईडी दिवा घेतो. भार घटला की लहान जनरेटर पुरतो. बेस्ट किंवा अन्य वीजकंपनीची तात्पुरती जोडणी वेळेत घेतली, तर डिझेल जाळण्याची गरज केवळ वीज गेल्यावरच उरते.

पंगतीसाठी स्टीलची ताटे भाड्याने आणणे टाकाऊ ताटांपेक्षा बरे, मात्र ती धुण्यासाठी पाणी आणि माणसे लागतात, आणि टँकरवर अवलंबून असलेल्या सभागृहात हा हिशेब चटकन उलटतो. अशा ठिकाणी खरकटे आधी कोरडे खरवडून घेणे व ताटे व्यावसायिकाच्या गोदामात एकत्र धुणे हा मार्ग उरतो. नाहीतर पत्रावळ किंवा केळीचे पान आहेच. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक माणसांचा कार्यक्रम करणाऱ्याने किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवणे व कचऱ्याचे वर्गीकरण करणे बंधनकारक करण्यात आले. ओला कचरा वेगळा ठेवण्याची सोय मंडपाच्या आराखड्यातच नसेल, तर हा नियम कागदावरच राहतो.

मुंबईतली सर्वांत मोठी अडचण जागेची आहे. शहरात गोदाम परवडत नाही, म्हणून माल भिवंडी-वसईसारख्या ठिकाणी ठेवला, तर प्रत्येक कामामागे टेम्पोच्या लांब फेऱ्या वाढतात. पावसाळ्यात दमट गोदामात ओली कनात घडी करून ठेवली की तिला बुरशी येते आणि कापड वेळेआधीच बाद होते. वाळवण्यासाठी मोकळी जागा नसणे, हे या धंद्यातल्या नासाडीचे एक दुर्लक्षित कारण आहे. एकाच मुहूर्तावर सगळीकडे लग्ने असल्याने त्या दिवशी माल अपुरा पडतो आणि एरवी पडून राहतो. शेजारच्या मंडपवाल्याकडून खुर्च्या, सतरंज्या तात्पुरत्या मागवून घेण्याची धंद्यातली रीत त्यावर बऱ्याच अंशी उपाय करते. तिच्यामुळे नवा माल घ्यावा लागत नाही आणि दुरून ओढून आणावाही लागत नाही.

कार्यक्रमांच्या शाश्वत व्यवस्थापनासाठी २०१२ मध्ये आयएसओ २०१२१ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्याची कागदपत्रे सांभाळणे मोठ्या आयोजकांना जमते. दोन टेम्पो आणि चार कामगारांवर चालणाऱ्या मंडपवाल्याच्या दृष्टीने त्याहून उपयोगाची ठरते ती करारातली तुटफुटीची अट : अनामत रक्कम आधी घेणे, माल मोजून देणे व मोजून घेणे, आणि फाटलेली झालर फेकण्याऐवजी शिंप्याकडे पाठवणे.