कोपर सुटतं तेव्हा आधी काय तुटतं?

2013 मध्ये अमेरिकेतल्या काही ऑर्थोपेडिक सर्जन मंडळींनी संशोधन म्हणून काय केलं, तर यूट्यूबवर लोकांची कोपरं निखळतानाचे व्हिडिओ शोधून काढले आणि ते थांबवून थांबवून बघितले. पडताना हात कुठे होता, तळवा कुठल्या दिशेला होता, कोपर सरळ होतं का वाकलेलं, असं सगळं टिपून घेतलं. ऐकायला जरा विचित्र वाटतं खरं, पण दुसरा मार्ग तरी काय होता, कारण जिवंत माणसाचं कोपर लॅबमध्ये मुद्दाम निखळवून कोणी बघू शकत नाही ना.

आता यात एवढं शोधण्यासारखं काय, असं वाटेल. तर आधी स्वतःचं कोपर चाचपून बघा. हात काटकोनात वाकवा, मागून तीन टोकं हाताला लागतील, दोन बाजूंना दोन आणि मधे खाली एक, म्हणजे त्रिकोण. हात सरळ केला की तीच तीन टोकं एका ओळीत येतात. कोपर निखळलं की हा त्रिकोण बिघडतो, पण कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडलं असेल तर सूज कितीही असली तरी त्रिकोण तसाच राहतो. त्यामुळे एक्स-रे काढायच्या आधीच डॉक्टरांना बोटांनी बराच अंदाज येतो.

त्या तिघांतलं मधलं टोक म्हणजे अल्ना, करंगळीच्या बाजूचं हाड. त्याचं वरचं तोंड दंडाच्या हाडाला पान्ह्यासारखं धरून बसतं, आणि कोपराची निम्मी मजबुती तर या नुसत्या हाडांच्या पकडीतच आहे. बाकीचं काम दोन लिगामेंटचं, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचं, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. आतलं लिगामेंट बॉल फेकणाऱ्यांचं जास्त खराब होतं, 1974 मध्ये टॉमी जॉन नावाच्या बेसबॉल खेळाडूचं असंच गेलं होतं, तेव्हा फ्रँक जोब या सर्जनने त्याच्याच दुसऱ्या हाताच्या मनगटातला एक फारसा उपयोगाचा नसलेला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून तिथे बसवला आणि तो 1976 मध्ये परत खेळायला लागला. अंगठ्याच्या बाजूच्या रेडियस हाडाचं डोकं हे राखीव खेळाडू, म्हणजे आतलं लिगामेंट धड असेल तोवर त्याच्यावर फार भार येत नाही, ते गेलं की मग सगळं त्याच्यावर.

तर मूळ भांडण असं की पडल्यावर आधी आतलं लिगामेंट तुटतं का बाहेरचं. 1992 मध्ये ओड्रिस्कॉल या सर्जननी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या हातांवर प्रयोग करून सांगितलं की फाटायला सुरुवात बाहेरून होते आणि ती गोल फिरत आत येते, आणि बहुतेक हातांत तर आतलं लिगामेंट शाबूत असतानाच सांधा मागे सरकला. वर्षानुवर्षं सगळे हेच शिकले आणि हेच शिकवत राहिले. मग ते व्हिडिओ आले. त्यात बहुतेक लोक पडले ते हात जवळजवळ सरळ, तळवा जमिनीकडे आणि कोपर आतल्या बाजूला वाकतंय अशा अवस्थेत, म्हणजे सगळा ताण आतल्या लिगामेंटवर. त्याच सुमाराला एमआरआय केलेल्या पेशंटमध्येही आतली बाजूच जास्त फाटलेली दिसायला लागली.

मला विचाराल तर दोन्ही खरं असावं. मृतदेहाच्या हातातले स्नायू आवळत नाहीत आणि खरा माणूस पडताना ते जिवाच्या आकांताने आवळतो, हा फरक काही लहान नाही. पण व्हिडिओत कातडीच्या आत काय तुटलं तेही दिसत नाही, हेही आहेच. प्रत्येक जण एकाच पद्धतीने पडत असेल असं मानायचं तरी कशाला?

उपचारांच्या बाबतीत मात्र चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. नुसतं कोपर निखळलं असेल, हाड मोडलेलं नसेल, तर ते जागेवर बसवल्यावर लिगामेंट शिवायची गरज सहसा पडत नाही, हे 1987 सालीच स्वीडनमध्ये ऑपरेशन केलेले आणि न केलेले पेशंट शेजारी ठेवून तपासलं गेलंय. पुढचा प्रश्न प्लास्टरचा. नेदरलँड्समध्ये 100 पेशंट घेऊन बघितलं, निम्म्यांना तीन आठवडे प्लास्टर आणि निम्म्यांनी लगेच हालचाल सुरू करायची. हालचालवाले लवकर कामाला लागले, वर्षभराने दोन्ही गट सारखेच, आणि कोणाचंही कोपर परत निखळलं नाही. तरीही बऱ्याच लोकांना भीती वाटते की हलवलं तर परत सुटेल, पण कोपराचा स्वभाव उलटा आहे, ते सुटण्यापेक्षा आखडतंच जास्त, आणि एकदा आखडलं की मोकळं करणं महाकठीण. रोजची कामं करायला 30 ते 130 अंशांपर्यंत वाकलं तरी पुरतं, म्हणजे पूर्ण सरळ झालं नाही तरी फारसं अडत नाही, पण त्याहून कमी झालं की घास तोंडाशी न्यायलाही त्रास.

फिजिओथेरपीत याची एक छान युक्ती आहे. पेशंटला उताणं झोपवतात, दंड छताकडे उभा धरायला सांगतात आणि तसंच कोपर वाकवायला-सरळ करायला लावतात. अशा स्थितीत हाताचं वजनच सांध्याला दाबून जागेवर ठेवतं, स्नायूही त्याच दिशेने ओढतात, त्यामुळे लिगामेंट जुळायच्या आधीही व्यायाम करता येतो. फक्त जबरदस्तीने ताणायचं किंवा जोरजोरात रगडायचं नाही, स्नायूत हाड तयार व्हायचा धोका असतो.

हाडंही मोडली असतील तर मात्र सगळा खेळ बदलतो. सांधा निखळलेला, रेडियसचं डोकं मोडलेलं आणि अल्नाचं पुढचं टोक उडालेलं, या त्रिकुटाला सर्जन लोक 'टेरिबल ट्रायड' म्हणतात, आणि इथे बहुतेक वेळा ऑपरेशनच करावं लागतं, डोकं फारच चुरलं असेल तर धातूचं बसवतात.

आणि थोडे पेशंट असे असतात की सगळं बरं झालं म्हणून घरी जातात, एक्स-रे नॉर्मल, हात वाकतोय, दुखतही फारसं नाही, पण खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून उठायला गेले की कोपर आतून सरकल्यासारखं वाटतं आणि ते उठायचं सोडून देतात. बाहेरचं लिगामेंट नीट जुळलं नसलं की असं होतं, ओड्रिस्कॉलनीच 1991 मध्ये याचं वर्णन केलं होतं. एक्स-रेत दिसत नाही म्हणून हे वर्षानुवर्षं तसंच राहून जाऊ शकतं, त्यामुळे डॉक्टरांकडे गेल्यावर नुसतं 'कोपर दुखतं' न म्हणता 'खुर्चीतून उठताना सुटल्यासारखं वाटतं' असं नेमकं सांगितलेलं बरं.