खाचकार बघायला जाताना

आर्मेनियाच्या सहलीत खाचकार रोज कुठे ना कुठे दिसतील. खाच म्हणजे क्रूस, कार म्हणजे दगड. आपल्याकडच्या वीरगळासारखाच हा उभा शिळापट. पण तो फक्त मृतांसाठी नसे. आत्म्याच्या उद्धारासाठी, चर्च बांधून झालं म्हणून, लढाई जिंकली म्हणूनही उभारत. साल कोरलेल्यांत सर्वांत जुना गार्नी गावचा, राणी कात्रानिदेने ८७९ मध्ये उभारलेला.

बघताना आधी मधला क्रूस, मग त्याचं बूड. बुडाशी दोन्हीकडे पानं फुटलेली दिसतात, कारण हा क्रूस म्हणजे जीवनवृक्ष. त्याखालच्या गोल चकतीला बरेच जण सूर्य मानतात. ख्रिस्ताची आकृती सहसा नसते. हाग्पात मठातला १२७३ चा खाचकार हा ठळक अपवाद. गोशावांक मठात पोघोस या कारागिराचा १२९१ चा खाचकार आहे. त्याच्यासमोर घाई करू नका. जरा बाजूला वाकून बघा: जाळीमागे जाळी, थरांवर थर, आणि सगळं एकाच दगडात.

कोरीव बाजू पश्चिमेकडे असते, म्हणजे प्रार्थना करणाऱ्याचं तोंड पूर्वेला येतं. म्हणून उघड्यावरचे खाचकार बघणं आम्ही सहलीत दुपारनंतरच ठेवतो. सकाळी ऊन दगडाच्या पाठीवर पडतं आणि नक्षी सपाट दिसते. मग फोटो चांगले आले नाहीत म्हणून कॅमेऱ्याला बोल लावू नये.

दगड टफ (ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला) किंवा बसाल्ट. छिन्नी-हातोडीने कोरून बारीक वाळूने घासतात, छोटे टवके माती किंवा चुन्याने भरून वर रंग देतात. उभा केल्यावर आशीर्वाद देऊन पवित्र तेल लावतात. त्यानंतरच त्यात दैवी शक्ती आली असं मानतात.

टफ सच्छिद्र असतो. आत मुरलेलं पाणी थंडीत गोठून फुगतं आणि पापुद्रे सुटतात. म्हणून अक्षरं उठून दिसावीत यासाठी पाणी ओतू नका, खडू फिरवू नका, दगडफूल नाण्याने खरवडू नका.

एच्मियाझिन या आर्मेनियन चर्चच्या मुख्य पीठात जुघा गावचे मोजके उंच, अरुंद खाचकार आहेत. अझरबैजानच्या नखिचेवान प्रांतातली त्यांची मूळ दफनभूमी १९९८ ते २००६ दरम्यान उद्ध्वस्त केली गेली.

येरेवानच्या वेर्निसाझ बाजारात छोटे खाचकार मिळतात. हाताने कोरलेले दोन कधीच हुबेहूब सारखे नसतात. एकाच टपरीवर जुळी दिसली, तर माल साच्यातला किंवा यंत्रावरचा समजा. ‘जुना तुकडा’ म्हणून कुणी देऊ केला तर घेऊ नका. पुरातन वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. घेतलेला खाचकार कपड्यांत गुंडाळा. आधी कोपरेच उडतात.