उंडेऱ्यातली अठ्ठावीस घरं

गोरव्याच्या पुढे, रिफायनरीच्या बाजूला उंडेरा लागतं. आज ते बडोद्यातच मोडतं. १८९८ साली मात्र ते गायकवाडी राज्यातलं वेगळं खेडं होतं आणि तिथे प्लेग शिरला होता. दांडिया बाजारात वाढलेल्या आम्हा मराठी मंडळींना राजवाडे आणि कलाभवन तोंडपाठ असतात, उंडेऱ्यात प्लेगची लस कशी पारखली गेली ती गोष्ट घरात कधी कुणी सांगितली नाही. ती सांगायला हवी.

इंग्रज डॉक्टर जेन्नरने १७९६ मध्ये गाईच्या देवीतला द्रव टोचून माणसाला देवीपासून वाचवलं. पुढे पाश्चरने रोगाचा जंतूच दुबळा करून त्याची लस बनवली. त्याच्याच संस्थेत काम केलेले वाल्डेमार हाफकिन १८९६च्या प्लेगमध्ये मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात लस करायला बसले.

त्यांची कृती मला फार आवडते, कारण तिच्यात चक्क तूप आहे! मांसाच्या पाण्यात प्लेगचे जंतू सोडायचे आणि वर तुपाचे थेंब. तूप तरंगतं, जंतू त्याला धरून खाली लोंबत वाढतात. चंबू हलवला की ते गळून तळाशी बसतात आणि तुपाखाली नवे धरू लागतात. असं काही आठवडे चालतं. मग सगळं तापवून जंतू मारायचे आणि थोडं कार्बॉलिक ॲसिड घालायचं. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीर त्याला ओळखून प्रतिपिंडं, म्हणजे त्या जंतूला धरून लढणारी प्रथिनं, बनवतं. काही पेशी ती ओळख जपून ठेवतात, म्हणून पुढे खरा जंतू आला तर तयारीला वेळ लागत नाही. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली.

पण लस काम करते हे ठरवायचं कसं? टोचून घेणारे मुळातच जास्त काळजी घेणारे असतील, किंवा त्यांच्या घरात उंदीर कमी असतील. उंडेऱ्यात हाफकिननी ही शंका मुळापासून काढली. प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचायचं, निम्म्यांना नाही. बायका, पुरुष, मुलं दोन्हीकडे जमेल तितकी सारखी. छप्पर एक, चूल एक, उंदीरही तेच.

नंतर अठ्ठावीस घरांत प्लेग आला. त्या घरांतल्या न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले, २६ गेले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ गेले.

हे आकडे वाचताना मला आधी ते सव्वीस जण दिसतात. एकाच ओसरीवर बसलेल्या दोन भावांपैकी एकाच्या दंडात सुई गेली, दुसऱ्याच्या नाही. आज अशी चाचणी घेताना आधी माणसाची संमती घेतात आणि लस कुणाला द्यायची हे चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडतात. सुई देणाऱ्यालाही तिच्यात काय आहे ते बहुतेकदा माहीत नसतं. आणि लस चालते असं दिसलं, की उरलेल्यांनाही ती देऊ करतात.