रोज एक फोटो: ३६५ च्या आधीची गोष्ट

एक जानेवारी आली की कोणी ना कोणी "यावर्षी रोज एक फोटो" असं जाहीर करतंच, आणि बऱ्याच जणांना वाटतं हे खूळ इन्स्टाग्रामचं. इन्स्टाग्राम आलं २०१० मध्ये. रोज एकच हा नियम त्याच्या कितीतरी आधीचा, फोटोमागे पैसे पडायचे तेव्हाचा.

यातलं सगळ्यात मोठं नाव जेमी लिव्हिंगस्टन. न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजात शिकत असताना ३१ मार्च १९७९ ला त्याने पोलरॉइडच्या एसएक्स-७० ने, म्हणजे छापील फोटो लगेच बाहेर टाकणाऱ्या कॅमेऱ्याने, पहिला फोटो काढला. ठरवून वगैरे काही नाही, काही आठवड्यांनी लक्षात आलं की आपण साधारण रोज एक काढतोय, मग तोच नियम झाला. पॅकमध्ये फोटो १०च, त्यात निगेटिव्ह नाही, जे बाहेर येईल तेच फायनल. एकदा काढला की काढला, नंतर संध्याकाळी काही भारी घडलं तरी त्या दिवसाचा कोटा संपलेला. म्हणूनच मला ते फोटो आवडतात, जेवणाची टेबलं, मित्रमंडळी, बेसबॉलची मॅच, टीव्हीचा स्क्रीन, काही तर इतके साधे की आज आपण सरळ डिलीट मारू.

हे चाललं १८ वर्षं. शेवटच्या फोटोंमध्ये हॉस्पिटल आहे, ब्रेन ट्यूमर आहे, ऑक्टोबर १९९७ मधलं त्याचं लग्न आहे, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला, ४१ व्या वाढदिवशी, तो गेला. शेवटपर्यंतचे फोटो आहेत. एकूण ६,६९७, म्हणजे दिवस मोजले तर ८५-९० कमी भरतात, पण १८ वर्षांत एवढं चालायचंच. मित्रांनी ते सगळे पोलरॉइड परत टिपून २००७ मध्ये बार्डलाच प्रदर्शन लावलं, २००८ मध्ये ते इंटरनेटवर लोकांच्या हाती लागलं आणि जगभर फिरलं. त्याला स्वतःला यातलं काहीच बघायला मिळालं नाही.

"एक वर्ष" ही चौकट मात्र वेगळीकडे सापडते. तैवानहून आलेला कलाकार तेहचिंग श्ये, तोही न्यूयॉर्कमध्येच. ११ एप्रिल १९८० पासून वर्षभर दर तासाला, रात्रीसुद्धा, कारखान्यात असतं तसं हजेरीचं पंचिंग मशीन पंच करायचं आणि १६ एमएम कॅमेऱ्याने स्वतःची एक फ्रेम घ्यायची. सुरुवातीला डोकं भादरलं होतं, त्यामुळे साधारण सहा मिनिटांच्या फिल्ममध्ये केस वाढताना दिसतात. ८,७६० पैकी १३३ वेळा हुकलं, आणि का हुकलं तेही लिहून ठेवलंय, त्यातल्या ९४ वेळा झोप! हे वाचल्यावर आपण रात्री पावणेबाराला आठवून पंख्याचा फोटो काढतो त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

मग चेहऱ्यांची लाइन. बॉस्टन कॉलेजात शिकवणारा कार्ल बेडन २३ फेब्रुवारी १९८७ पासून रोज स्वतःचा एकच कोरा चेहरा टिपतोय, सगळं शक्य तितकं तेच ठेवून. पण गाजला नोआ कलिना, कारण त्याच्या वेळी यूट्यूब होतं. जानेवारी २००० पासूनचे रोजचे फोटो जोडून ऑगस्ट २००६ मध्ये त्याने व्हिडिओ टाकला. आह्री ली या बाईंचा तसाच व्हिडिओ त्याच्या थोडा आधी यूट्यूबवर आला होता, तिचं नाव मात्र फारसं कोणी घेत नाही.

दरम्यान डिजिटल कॅमेऱ्याने रोलचा खर्च संपवला, २००४ मध्ये फोटो शेअर करायची साइट फ्लिकर आली, तिथे ३६५ चे, म्हणजे वर्षभर रोज एक फोटो टाकणाऱ्यांचे, ग्रुप झाले, अनोळखी लोक एकमेकांचे नाश्ते आणि खिडक्या रोज बघू लागले. आता खरं तर दिवसाला शंभर फोटो काढले तरी फुकट, तरी नियम एकाचाच राहिला, आणि माझ्या मते तोच या उद्योगाचा जीव आहे, शंभरातून चांगला निवडायला लागलात की तो अल्बम होतो, रोजचा दिवस राहत नाही. अमेरिकेतल्या सीझर कुरियामाने पुढे फोटोच्या जागी रोजचा एक सेकंदाचा व्हिडिओ आणला, २०१३ मध्ये त्याचं ॲप आलं, त्यातही मोजमाप तेच, दिवसाला एक.