जुन्या लाकडी फर्निचरचे नूतनीकरण व रंगकाम

जुन्या लाकडी वस्तूवरचे झिजलेले, डागाळलेले किंवा सोललेले आवरण सुधारणे, अथवा ते उतरवून त्या जागी नवे पॉलिश किंवा रंग चढवणे, म्हणजे फर्निचरचे नूतनीकरण. आवरण लाकडाला ओलावा, घाम आणि मळ यांपासून वाचवते आणि त्याला रूपही देते. पारदर्शक आवरणातून लाकडाच्या रेषा दिसत राहतात. रंगाखाली त्या झाकल्या जातात. नवशिक्यांची बहुतेक चर्चा रंग कोणता घ्यावा याभोवती फिरते, पण रंग मारणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. नवा थर टिकेल की सहा महिन्यांत पापुद्रे निघतील, हे त्याच्या खाली काय आहे आणि ते किती नीट तयार केले आहे यावर ठरते.

काम करावे का?

अनेक वस्तूंचे पॉलिश गेलेले नसते, ते फक्त मळलेले असते. हातांचा तेलकटपणा, धूर आणि वर्षानुवर्षे पुसलेले मेण यांचा काळपट लेप त्यावर बसलेला असतो. सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने आणि नंतर मिनरल टर्पेंटाइनने पुसल्यावर पुष्कळदा तेवढ्यावरच काम भागते. डागांचा रंगही बोलका असतो. गरम किंवा ओल्या भांड्याने पडलेले पांढरे वर्तुळ म्हणजे ओलावा आवरणातच अडकलेला आहे. लाकडाला अजून इजा नाही. काळा डाग म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचले आहे आणि तेथे लोखंड व लाकडातील टॅनिन (एक तुरट द्रव्य) यांची रासायनिक क्रिया झाली आहे. असा डाग घासून सहसा जात नाही. आवरण उतरवून ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने तो फिका करतात. हे आम्ल विषारी असल्याने हातमोजे हवेत आणि काम झाल्यावर लाकूड पाण्याने नीट पुसून घ्यावे लागते.

खरोखर जुन्या आणि चांगल्या कारागिरीच्या वस्तूंच्या बाबतीत मूळ आवरण हेच मूल्याचा मोठा भाग असते. काळाने आलेली झाक खरवडून काढली की ती परत आणता येत नाही, म्हणून संग्रहालयांतील संवर्धक पुढे उलटवता येतील असेच उपाय निवडतात. अशा वस्तूला हात लावण्यापूर्वी जाणकाराचे मत घेणे शहाणपणाचे. वेगवेगळ्या लाकडांच्या तुकड्यांतून जोडलेले साधे कपाट किंवा कारखान्यात बनलेले टेबल मात्र निःसंकोच रंगवावे. तेथे हरवण्यासारखे काही नसते.

जुने आवरण ओळखणे

वस्तूच्या वयावरून पहिला अंदाज बांधता येतो. 19 व्या शतकात चांगल्या फर्निचरवर लाखेचे पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये (मद्यार्कात) विरघळवलेला चपडा (शुद्ध केलेली लाख), मोठ्या प्रमाणात वापरला जाई. 1920 च्या दशकात नायट्रोसेल्युलोजचे लॅकर आले आणि त्याच्या झटपट वाळण्यामुळे कारखान्यांनी ते उचलले. प्लास्टिकसारखा कडक थर देणाऱ्या पॉलियुरेथेनचे रसायन रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर यांनी 1937 मध्ये जर्मनीत विकसित केले. फर्निचरवर त्याचा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. अर्थात मधल्या काळात कोणी वस्तू पुन्हा पॉलिश केली असेल तर हा अंदाज चुकतो.

म्हणून चाचणी करावी. मागच्या पायाच्या आतल्या बाजूसारख्या न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून काही मिनिटे थांबावे. आवरण चिकट होऊन बोळ्यावर उतरले तर ते लाखेचे आहे. काहीच झाले नाही तर लॅकरच्या थिनरने हेच करावे. आता मऊ पडले तर लॅकर. दोन्ही द्रावकांना दाद न देणारे आवरण बहुधा तेलाचे व्हार्निश, पॉलियुरेथेन किंवा मेलामाइन (कडक कृत्रिम राळेचे आवरण) असते. पाण्याचा थेंब आत मुरून जागा गडद होत असेल, तर लाकडावर थर असा नाहीच, फक्त तेल किंवा झिजलेले मेण आहे.

या पाच मिनिटांच्या चाचणीने कधीकधी दिवसभराचे घासकाम वाचते. लाखेचा तडकलेला थर काढायची गरजच नसते: त्यावर स्पिरिटचा हलका हात फिरवला की तो विरघळून पुन्हा एकजीव होतो. लॅकरही त्याच्या थिनरने असेच सावरते. पॉलियुरेथेन एकदा घट्ट झाले की पुन्हा विरघळत नाही. त्यावर नवा थर केवळ घासून आणलेल्या खरखरीतपणाला धरून बसतो. आणि जुन्या तेलरंगावर थेट लॅकर मारले, तर त्यातील तीव्र द्रावकाने खालचा रंग फुगून सुरकुततो.

धोके

जुन्या रंगांत शिसे असू शकते. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगांवर 1978 मध्ये बंदी आली. काही देशांनी त्याआधी, अनेकांनी बऱ्याच नंतर बंधने घातली. तेव्हा वय माहीत नसलेल्या रंगीत वस्तूत शिसे आहे असेच धरून चालावे. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो. असा रंग कोरडा घासू नये, ज्योतीने किंवा हीट गनने तापवूही नये. शंका असल्यास तपासणी करून घ्यावी, नाहीतर थर न उखडता त्यावर रंग द्यावा. नुसत्या लाकडाची धूळही निरुपद्रवी नाही: कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 1995 मध्ये तिचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला. धूळ रोखणारा मास्क हवाच, तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही.

रंग उतरवणाऱ्या जुन्या रसायनांत डायक्लोरोमिथेन असे. बंद खोलीत त्याच्या वाफेने मृत्यू झाले आहेत, त्यामुळे युरोपीय संघाने आणि 2019 मध्ये अमेरिकेने किरकोळ ग्राहकांना अशा उत्पादनांची विक्री थांबवली. आज मिळणारी सौम्य द्रावणे हळू काम करतात. थर जाड लावून वर प्लास्टिक अंथरावे आणि तासन्‌तास धीर धरावा.

सर्वांत कमी लोकांना माहीत असलेला धोका जवसाच्या तेलाचा आहे. हे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. तेलाचे बोळे चुरगाळून ढिगात टाकले तर उष्णता आतच कोंडते आणि ठिणगीवाचून कापड पेट घेते. वापरलेली फडकी मोकळ्या हवेत एकेरी पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.

दुरुस्ती आणि घासकाम

डुगडुगणारी खुर्ची रंगवून घट्ट होत नाही. आधी सांधे पाहावेत. जुन्या फर्निचरमध्ये बहुधा सरस वापरलेला असतो. तो कोमट पाण्याने आणि उष्णतेने सुटतो, त्यामुळे सांधा न मोडता उकलता येतो. जुना सरस पूर्ण काढून मगच नवा लावावा. वाळलेल्या सरसावर आधुनिक पांढरा डिंक नीट धरत नाही. बारीक भोकांतून ताजा पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे आणि तिचा बंदोबस्त होईपर्यंत पुढचे काम थांबवावे. खड्डे लांबीने (भेगा बुजवण्याच्या लगद्याने) भरावेत. वाळताना ती आक्रसते, म्हणून खोल खड्डा एकदम न भरता दोनदा भरावा. पारदर्शक पॉलिशखाली मात्र लांबीचा ठिपका सहसा लपत नाही.

घासण्याचा नियम एकच: लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आणि भरड कागदाकडून बारीककडे. रेषेला आडवे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत. रंगछटा (लाकडात मुरून रेषा न झाकता रंग देणारे द्रावण) किंवा पॉलिश लागताच ते उठून येतात. पॉलिश पेपर 120, मग 180, शेवटी 220 क्रमांकाचा घ्यावा. 80 फक्त फार खडबडीत जागी. प्रत्येक टप्प्याने आधीच्या टप्प्याचे ओरखडे घालवायचे असतात, त्यामुळे मधला क्रमांक गाळल्यास वेळ वाचत नाही, वाढतो. रंग द्यायचा असेल तर 180 वर थांबणे बरे. त्यापुढे लाकूड गुळगुळीत होते आणि रंगाची पकड घटते. पाण्याने पातळ होणारा रंग किंवा रंगछटा वापरायची असल्यास लाकूड आधी ओलसर फडक्याने पुसून वाळू द्यावे. तंतू उभे राहतात, ते हलक्या हाताने घासले की पुढे रंगाखाली खरखर येत नाही.

व्हिनियर असलेल्या वस्तूवर मात्र यंत्राचा मोह टाळावा. लाकडाचा हा वरचा पापुद्रा जुन्या वस्तूंत साधारण एक मिलिमीटर, नव्या वस्तूंत बहुधा त्याच्या निम्म्यानेच जाड असतो. कडेशी यंत्र क्षणभर रेंगाळले तरी खालचे निराळे लाकूड उघडे पडते.

अस्तर, रंग आणि पॉलिश

पांढरा रंग दिलेल्या वस्तूवर आठवड्याभरात पिवळे-तपकिरी डाग फुटणे ही नवशिक्यांची नेहमीची निराशा. साग, महोगनी, ओक यांसारख्या लाकडांतील रंगीत द्रव्ये पाण्यात विरघळतात आणि पाण्याच्या रंगाबरोबर वर चढतात. पाइनच्या गाठींतून राळ झिरपते. कितीही हात मारले तरी हे थांबत नाही. लाखेच्या आधारावर बनलेले अस्तर (रंगाखाली द्यायचा पहिला थर) त्यांना अडवते. हा खर्च वाचवण्यात अर्थ नाही. सागासारख्या तेलकट लाकडावर अस्तरापूर्वी थिनरचे फडके फिरवले तर पकड सुधारते.

भिंतीचा उरलेला रंग फर्निचरला वापरू नये. तो वाळल्यावरही किंचित चिकट राहतो, त्यामुळे कपाटाचे दार चौकटीला आणि फुलदाणी टेबलाला चिकटते. लाकडासाठीचा पाण्याचा अ‍ॅक्रिलिक इनॅमल लवकर वाळतो आणि पिवळा पडत नाही. तेलाचा इनॅमल स्वतःच सपाट होतो, ब्रशच्या रेघा कमी दिसतात, पण पांढरी छटा काळाने, विशेषतः अंधाऱ्या जागी, पिवळसर होते. खडूसारखा मॅट दिसणारा रंग ब्रिटनमध्ये अ‍ॅनी स्लोन यांनी 1990 मध्ये बाजारात आणला आणि ‘घासायची गरज नाही’ या आश्वासनावर तो जगभर गेला. तो चिकटतो छान, पण तेलकट मळावर तोही टिकत नाही आणि टॅनिनचे डागही अडवत नाही. शिवाय त्यावर मेण किंवा व्हार्निश लावावेच लागते.

रंगाचे हात पातळ आणि दोन-तीन असावेत. ब्रशचे केस एक तृतीयांशच बुडवावेत, शेवटचा फटकारा लांबीच्या दिशेने द्यावा आणि रंग ओढू लागला की त्या जागी परत जाऊ नये. बहुतेक खराब पृष्ठभाग ‘जरा सुधारू’ म्हणून पुन्हा फिरवलेल्या ब्रशने होतात. खणांच्या बाजू आणि त्यांची सरकण्याची पट्टी रंगवू नये, नाहीतर खण अडकतात.

पारदर्शक कामात लाखेचे पॉलिश शिकायला सर्वांत सोयीचे: चूक झाली तर स्पिरिटने पुसून पुन्हा लावता येते. कापडाच्या बोळ्याने अनेक अतिशय पातळ थर देतात. विरघळवलेला चपडा काही महिन्यांत जुना होऊन वाळेनासा होतो, म्हणून थोडाच बनवावा. दमट हवेत तो पांढुरका पडतो, आणि मद्य सांडणाऱ्या टेबलासाठी तो योग्य नाही. तेथे पॉलियुरेथेन घ्यावे.

हाताला कोरडा लागणारा रंग आतून कच्चाच असतो. पूर्ण घट्ट व्हायला हवामानाप्रमाणे दोन ते चार आठवडे लागतात आणि तोवर जड वस्तू, गरम भांडी व ओले फडके लांब ठेवावे. याच काळात दोषही उघड होतात. माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे दिसले तर खाली जुन्या फवारा-पॉलिशमधील सिलिकॉन राहिले आहे. नख लावताच पापुद्रा सुटला तर मळ किंवा मेण राहिले होते. सुरकुत्या म्हणजे थर जाड झाला किंवा खालचा रंग जुळला नाही. अशा जागेवर लगेच आणखी रंग चोपडल्याने दोष झाकला जात नाही. थर पूर्ण वाळू द्यावा, तेवढी जागा घट्ट पृष्ठभागापर्यंत घासावी, थिनरने पुसावी आणि अस्तरापासून पुन्हा सुरुवात करावी.