फिरती गोधडी-शिक्षिका
फिरती गोधडी-शिक्षिका : महिला मंडळे, बचत गट किंवा हस्तकलेची हौस असलेल्या मंडळींच्या निमंत्रणावरून गावोगाव जाऊन गोधडीकामावर व्याख्यान देणारी आणि प्रत्यक्ष शिवणाची कार्यशाळा घेणारी जाणकार बाई. व्याख्यान तास-सव्वा तासाचे आणि सर्वांसाठी खुले असते, तर कार्यशाळा अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाची असून तिला मोजक्याच बायकांना प्रवेश मिळतो. ही नोंद जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातील तीन जिल्ह्यांत अशी शिक्षिका बोलावताना काय ठरवावे लागते, याविषयी आहे.

ही पद्धत आजच्या स्वरूपात रुळली ती अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ साली जुन्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगून प्रदर्शन भरवले. त्यानंतरच्या दशकात अमेरिकेत गावोगावी गोधडीकारांची मंडळे वाढली, आणि ब्रिटनमध्येही १९७९ साली देशपातळीवरची संघटना उभी राहिली. या मंडळांना तिकडे ‘गिल्ड’ म्हणतात. महिन्याची एक सभा, वर्षाचा कार्यक्रम ठरवणारी एक सदस्य, सभेला बाहेरच्या शिक्षिकेचे व्याख्यान आणि त्याला जोडून कार्यशाळा, अशी त्यांची घडी बसलेली आहे. नावाजलेल्या शिक्षिकेची तारीख तेथे वर्ष-दीड वर्ष आधी धरावी लागते. मानधन, प्रवास, मुक्काम, जेवण, वर्गातील बायकांची कमाल संख्या, साहित्याच्या संचाची किंमत आणि कार्यक्रम रद्द झाल्यास कोणी किती सोसायचे, हे सारे करारात लिहिलेले असते. व्याख्यानाचा खर्च मंडळाच्या वर्गणीतून निघतो, तर कार्यशाळेला बसणाऱ्या बाईकडून वेगळे शुल्क घेतात आणि मंडळाबाहेरच्या बाईला ते थोडे जास्त असते.

खानदेशात गोधडी शिवायला कोणी शिकवावे लागत नाही, असे म्हणण्याची रीत आहे, आणि एका अर्थाने ते खरे आहे. जुनी सुती लुगडी धुऊन, ताणून एकावर एक अंथरायची, वरखाली त्यांतल्या त्यात धड असलेले पदर घ्यायचे, चारी कडा आत मुडपायच्या आणि काठाकडून सुरुवात करून धावदोऱ्याने चौकोनात आत आत येत राहायचे, हे काम मुलगी आजीच्या शेजारी बसून शिकते. या गोधडीच्या पोटात कापूस नसतो. कापूस पिकवणाऱ्या मुलखात ही गोष्ट परक्या माणसाला नवलाची वाटते. पण पिंजाऱ्याकडून पिंजून घेतलेला कापूस जातो तो गादीत, उशीत आणि रजईत. गोधडीची ऊब येते ती वापरून मऊ झालेल्या कापडाच्या थरांतून. शहरातून येणारी शिक्षिका बहुतेक वेळा तीन थरांची रजई शिकवते : वर तुकड्यांची नक्षी, मध्ये तयार भरणाची चादर आणि खाली अस्तर. भाषा एकच असली तरी ही दोन वेगळी कामे आहेत, आणि निमंत्रण देतानाच आपल्याला कोणते हवे ते सांगितले नाही तर दिवस वाया जातो. भरणाची चादर तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही. ती शिक्षिकेने आणायची की मध्ये जुने लुगडे घालायचे, हे आधी ठरलेले बरे.

येथे ‘गिल्ड’ नाही, पण त्याचे काम करू शकणारी रचना आहे. दहा ते वीस बायकांचा बचत गट, गावातील गटांचा मिळून ग्रामसंघ आणि त्यावर अनेक गावांचा मिळून प्रभागसंघ, अशी उतरंड ग्रामीण बायकांच्या उपजीविकेसाठीच्या ‘उमेद’ या सरकारी अभियानामुळे बऱ्याच गावांत उभी राहिली आहे, आणि १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाचे गट त्याआधीपासून आहेत. एकट्या गटाला बाहेरची शिक्षिका परवडणे कठीण जाते. ग्रामसंघाने बोलावले तर खर्च विभागला जातो आणि बसायला जागाही मिळते. बोलावण्याचा ठराव सभेत करून प्रोसिडिंगच्या वहीत लिहावा. त्यात तारीख, विषय आणि रक्कम या तिन्ही गोष्टी असाव्यात, म्हणजे पुढे पैसे देताना बँकेच्या खात्यावर सही करणाऱ्या बायकांना अडचण येत नाही.

मानधनाचा विषय येथे सर्वांत नाजूक ठरतो. पाहुणीला शाल, श्रीफळ आणि पाकीट देण्याची आपली रीत चांगली आहे, पण पाकिटात किती आहे हे पाहुणीला घरी गेल्यावर कळावे, ही रीत चांगली नाही. शिक्षिकेचा दिवस एका दिवसाचा नसतो. नमुने तयार करणे, कापड कापून वीस संच बांधणे, येणे-जाणे आणि दुसऱ्या दिवशीचा थकवा धरला तर एका कार्यशाळेमागे चार-पाच दिवस जातात. बाईच्या हातची शिलाई ही फावल्या वेळची गोष्ट समजली गेल्यामुळे तिचा मोबदला विचारणे तिलाही जड जाते आणि सांगणे यजमानांनाही. म्हणून रक्कम पहिल्याच बोलण्यात विचारावी. व्याख्यानाचे किती, कार्यशाळेचे किती, साहित्याचे प्रत्येकी किती हे वेगवेगळे लिहून घ्यावे आणि काही भाग आगाऊ द्यावा. शाल-श्रीफळ त्यावर द्यावे, त्याऐवजी नव्हे. जी मंडळे हे पाळतात त्यांच्याकडे शिक्षिका दुसऱ्यांदा आनंदाने येते.

प्रवासखर्च वाचवण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे एकाच फेरीत दोन-तीन ठिकाणे गाठणे. भूगोल त्याला अनुकूल आहे. जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा आणि नंदुरबार ही गावे एकाच सुरत रेल्वेमार्गावर ओळीने आहेत, तर एरंडोल, पारोळा आणि धुळे महामार्गाने जोडलेली आहेत. पुण्या-मुंबईकडून येणारी शिक्षिका चाळीसगावला उतरून धुळ्याकडे वळू शकते किंवा तशीच जळगावला जाऊ शकते. जळगाव, अमळनेर आणि नंदुरबारच्या मंडळांनी एकमेकींशी बोलून लागोपाठच्या तारखा घेतल्या तर लांबच्या प्रवासाचे भाडे तिघींत वाटले जाते. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे भाडे पडते, त्यामुळे राज्यातल्या राज्यात हा खर्च आणखी उतरला आहे. मात्र नमुन्याच्या आठ-दहा गोधड्यांचे बोचके घेऊन एकट्या बाईने बस बदलत यावे, अशी अपेक्षा धरू नये. स्थानकावर कोणीतरी घ्यायला जावे. मुक्काम घरी असेल तर स्वतंत्र खोली आहे का, हे शिक्षिकेने विचारले म्हणून कोणी वाईट वाटून घेऊ नये. दिवसभर बोललेल्या माणसाला रात्री शांतता लागते.

तारीख शेतीकडे पाहून धरावी लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत बोलावलेल्या शिक्षिकेसमोर रिकाम्या सतरंज्या राहतात. गोधडी शिवण्याचा जुना काळ उन्हाळा, कारण तेव्हा शेतात काम नसते आणि पावसाळ्यापूर्वी अंथरूण-पांघरूण सारखे करून ठेवायचे असते. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या समाजमंदिरात दुपारी बसवत नाही. माघ-फाल्गुनाचे दिवस त्यातल्या त्यात सोयीचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात, त्यामुळे तेव्हा व्याख्यान ठेवले तर गर्दी चांगली होते. कार्यशाळा मात्र तेव्हा ठेवू नये, कारण झोका आणि गाणी सोडून कोणी दिवसभर सुई धरून बसणार नाही.

व्याख्यानात बोलण्यापेक्षा दाखवण्याला महत्त्व असते. शिक्षिका एकेक गोधडी काढते आणि दोघी बाया हात धुऊन, पुसून ती वरच्या दोन कोपऱ्यांना धरून उभ्या राहतात. ती पुढून पाहून झाली की पाठ फिरवून दाखवतात. खरे कसब पाठीवर दिसते. तेथे टाके पुढच्याइतकेच सारखे आहेत का, गाठ कापडाच्या घडीत दडवली आहे का, हे मागे बसलेल्या आजीबाईच आधी ओळखतात. शक्य असेल तेथे व्याख्यानाआधी घरोघरच्या जुन्या गोधड्या मागवून घ्याव्यात. चाळीसगाव-जामनेर भागात बंजारा तांड्यांवरचे आरसेकाम आणि भरतकामही त्यांच्या शेजारी मांडता येते. शिक्षिकेच्या नमुन्यांचे फोटो काढण्यापूर्वी तिची परवानगी घ्यावी, आणि तिनेही गावातल्या गोधडीचा फोटो घेताना जिने ती शिवली तिला विचारावे. दुसरा अर्धा भाग बहुधा विसरला जातो.

कार्यशाळेत वीसपेक्षा जास्त बाया घेऊ नयेत. मशीनवर शिकवायचे असेल तर दोघींमागे एक मशीन, भक्कम टेबल, इस्त्री आणि पुरेसे प्लग लागतात. वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल तर तो वेळ हातशिलाईला ठेवावा. पायमशीन असतील तर ही चिंता उरत नाही. प्रत्येकीने कात्री, टाचण्या, टेप, खडू, सुया आणि अंगुस्तान आणावे, अशी यादी आठ दिवस आधी द्यावी, आणि यादीतले सुती कापड आधी धुऊन आणायला सांगावे, कारण नवे कापड नंतर आटते आणि रंग सोडते.

शिकवण्यातली एक अडचण येथे हमखास येते. ब्लाउज शिवणाऱ्या बाईचा हात कडेला शिलाईबाहेर अर्धा इंच किंवा अधिक कापड सोडण्याला सरावलेला असतो, कारण पुढे उसवून सैल करता यावे. तुकड्यांच्या कामात पाव इंचच सोडायचा असतो. साडेसहा इंचांचे चार चौकोन पाव इंच शिलाईने जोडले तर साडेबारा इंचांचा ठोकळा, म्हणजे तुकडे जोडून झालेला मोठा चौकोन, होतो आणि शेजारच्यांशी जोडल्यावर तो बारा इंचांचा उरतो. तेच अर्ध्या इंचाने जोडले तर शेवटी अकरा इंच उरतात, म्हणजे सहा ठोकळ्यांच्या ओळीत सहा इंचांची तूट येते. गटातल्या प्रत्येकीने एकेक ठोकळा करून एकच गोधडी जोडायची असेल तर हा फरक शेवटच्या तासाला उघडा पडतो. म्हणून चांगली शिक्षिका सुरुवातीलाच मशीनच्या दाबपट्टीशेजारी पाव इंचावर चिकटपट्टी लावून घेते आणि पहिला जोड स्वतः टेपने मोजते.

हातशिलाईच्या वर्गात मात्र शिकवणारी आणि शिकणारी यांच्या जागा बदलू शकतात. ‘बाई, तुमना टाका बारीक शे, पन आमनी गोधडी जड शे,’ असे एखादी वडीलधारी बाई अहिराणीत म्हणते तेव्हा ती मोठी गोष्ट सांगत असते : सात-आठ थरांतून सुई काढायची तर बारीक टाका दोरा तोडतो. बारीक टाका पातळ रजईला शोभतो. अशा एक-दोन जाणत्या बायांना कार्यशाळेत साहाय्यक म्हणून बसवावे आणि त्यांनाही त्या दिवसाचे पैसे द्यावेत.

रद्द करण्याची अट साध्या शब्दांत लिहावी. गावात मयत झाली, निवडणुकीमुळे शाळेची खोली मिळाली नाही किंवा पुरामुळे रस्ता बंद झाला, तर आगाऊ रक्कम परत मागू नये आणि पुढची तारीख धरावी. कापलेल्या संचांचा खर्च मात्र यजमानांनी द्यावा.

करोनाच्या साथीत, २०२० पासून, परदेशातील मंडळांनी व्याख्याने संगणकावरून सुरू केली आणि त्यांतली काही तशीच चालू राहिली. खानदेशात शिक्षिका परतल्यावरचा पाठपुरावा मोबाइलवरील व्हिडिओ कॉलने होऊ शकतो. त्यात कॅमेरा पुढच्या नक्षीवर न धरता गोधडी उलटी करून पाठीवर धरावी. दोरा कोठे ओढला गेला आणि थर कोठे सरकला ते शिक्षिकेला तेथेच दिसते.